फॅटी लिव्हरचा अहवाल आल्यावर: यकृतपेशीचा चयापचय, तिचे विभाजन आणि करायच्या गोष्टी

पोटाच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' असे लिहून आले की बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. "हे हल्ली सगळ्यांनाच असतं" म्हणून कागद फाइलमध्ये जातो, नाहीतर यकृत 'साफ' करणाऱ्या गोळ्यांचा शोध सुरू होतो. दोन्हींच्या मुळाशी एकच भरवसा असतो: यकृत स्वतःला पुन्हा वाढवते, तेव्हा ते आपले आपण सावरेल. हा भरवसा अर्धाच खरा आहे. यकृत पुन्हा वाढते ते त्याच्या पेशींच्या विभाजनामुळे, आणि मेदाने भरलेल्या पेशीचा चयापचय बिघडला की आधी अडखळते ते हे विभाजनच. म्हणून मेद किती आहे यापेक्षा, पेशींची स्वतःला नव्याने घडवण्याची क्षमता अजून शाबूत आहे का आणि ती कशी राखायची, हे प्रश्न मला जास्त महत्त्वाचे वाटतात. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: अहवालातला 'ग्रेड' कशाचा ते ओळखा

सोनोग्राफीतला ग्रेड मेदाचा असतो. यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा किती उजळ दिसते, आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा आणि मागचे श्वासपटल किती धूसर होतात, यावरून १, २ किंवा ३ असा अंदाज लिहिला जातो. यकृतात व्रण पडू लागले आहेत का, हे त्या आकड्यातून कळत नाही. आजार पुढे कुठे जाणार हे मात्र त्या व्रणांवर, म्हणजे फायब्रोसिसवर ठरते. त्याचे टप्पे वेगळे असतात, एफ० ते एफ४. एफ४ म्हणजे सिऱ्होसिस, यकृत व्रणांनी भरून कडक होण्याची शेवटची अवस्था.

ग्रेड ३ मेद असूनही फायब्रोसिस अजिबात नाही, अशी माणसे असतात. ग्रेड १ असून एफ३ पर्यंत पोहोचलेलीही असतात. सिऱ्होसिस मुरत जातो तसा यकृतातला मेद कमी होत जातो, त्यामुळे ग्रेड उतरला म्हणून आनंद मानण्याआधी फायब्रोसिस तपासलेला असला पाहिजे.

आणखी दोन गोष्टी. पाच टक्क्यांहून जास्त यकृतपेशींत मेद दिसला तर यकृत 'फॅटी' ठरते, पण साधी सोनोग्राफी वीस-तीस टक्क्यांखालचा मेद अनेकदा हेरू शकत नाही. एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) मर्यादेत आहे म्हणून आजार नाही, असेही म्हणता येत नाही. या आजाराचे नाव २०२३ मध्ये बदलले, त्यामुळे जुन्या कागदांवर एनएएफएलडी आणि नव्यांवर एमएएसएलडी दिसेल. सूज आणि पेशींची इजा असलेल्या प्रकाराला आधी नॅश म्हणत, आता मॅश म्हणतात.

पायरी २: मेदाचा जमाखर्च समजून घ्या

यकृतात मेद तीन वाटांनी येतो आणि दोन वाटांनी जातो. कोणती वाट आपल्या हातात आहे, हे इथेच कळते.

पहिली वाट शरीरातल्या चरबीच्या साठ्यांतून येते. उपाशीपोटी साठ्यांतली मेदाम्ले रक्तात सुटतात आणि जेवल्यावर वाढलेले इन्सुलिन ती सुटका थांबवते. इन्सुलिनला प्रतिरोध निर्माण झाला की ही खीळ सैल पडते आणि मेदाम्ले दिवसरात्र यकृताकडे वाहत राहतात. दुसरी वाट यकृताच्या आतलीच: जास्तीच्या साखरेपासून यकृत स्वतः मेद बनवते. तिसरी म्हणजे खाण्यातला मेद. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्या लोकांना खुणेचे अणू जोडलेली पोषकद्रव्ये देऊन यकृतातल्या मेदाचा माग काढला होता. सुमारे ५९ टक्के मेद रक्तातल्या मेदाम्लांतून आला होता, २६ टक्के यकृताने नव्याने बनवलेला होता आणि थेट अन्नातून आलेला होता फक्त १५ टक्के. तेल-तूप सोडले आणि गोड पेये चालूच ठेवली, तर यकृताला फारसा फरक का पडत नाही, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

नव्याने मेद बनवण्याच्या वाटेवर थोडे थांबू, कारण चयापचयाची खरी गाठ तिथे बसते. इन्सुलिन यकृताला दोन हुकूम देते: रक्तात साखर सोडणे थांबव आणि आलेल्या साखरेचा मेद कर. प्रतिरोध आल्यावर यकृत पहिला हुकूम ऐकत नाही, पण दुसरा ऐकत राहते. त्यामुळे उपाशीपोटीची साखरही वाढते आणि मेदही बनत राहतो. मेद बनवताना तयार होणारा मॅलोनिल-कोए हा रेणू मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, मेदाम्ले आत घेणारे दार बंद करतो. एकाच वेळी मेद घडवायचा आणि जाळायचाही, असा व्यर्थ खटाटोप टाळण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. पण सतत जास्त खाणाऱ्या, सतत वाढलेल्या इन्सुलिनखाली राहणाऱ्या शरीरात तीच सोय अडचणीची ठरते, कारण मेदाची निर्मिती चालू आणि ज्वलन अडलेले, अशी अवस्था कायमची होऊन बसते.

फ्रुक्टोजचे वागणे याहून वाईट. ग्लुकोजच्या विघटनावर पेशीचा एक नियंत्रणबिंदू असतो: ऊर्जा पुरेशी असली की तो वेग कमी करतो. फ्रुक्टोज त्या बिंदूला वळसा घालून आत शिरते, पेशीतली एटीपी, म्हणजे वापरायला तयार ऊर्जा, झपाट्याने खर्च करते, त्यातून युरिक आम्ल वाढते आणि मेदनिर्मितीची जनुके जागी होतात. साखर घातलेल्या पेयांतून ते भराभर आणि चावण्याशिवाय पोटात जाते, म्हणून त्यांचा प्रश्न गंभीर. अख्ख्या फळातले फ्रुक्टोज तंतूंसोबत, सावकाश आणि थोडे येते, त्याला या यादीत ओढायचे कारण नाही.

मेद बाहेर जाण्याच्या वाटा दोन. एक म्हणजे मायटोकॉन्ड्रियात जाळणे. दुसरी म्हणजे व्हीएलडीएल या मेदवाहक कणांत बांधून रक्तात पाठवणे. या कणांचे आवरण बनवायला कोलीन या पोषकद्रव्यापासून बनणारा एक मेदघटक लागतो, म्हणूनच आहारात कोलीनची दीर्घ उणीव असेल तरीही यकृतात मेद साचतो. सुरुवातीच्या काळात मायटोकॉन्ड्रिया जास्त काम करून भार उचलतात. पण जास्त ज्वलन म्हणजे ऑक्सिजनचे आक्रमक उपपदार्थही जास्त. हे उपपदार्थ पेशीतली पटले, प्रथिने आणि डीएनए यांना इजा करतात, आणि इथून गोष्ट चयापचयाकडून विभाजनाकडे वळते.

पायरी ३: पेशीविभाजनात काय बिघडते ते पाहा

प्रौढ माणसाची निरोगी यकृतपेशी बहुतेक काळ शांत असते. ती विभाजनाच्या चक्राबाहेर थांबून आपले चयापचयाचे काम करते, पण चक्रात परत शिरण्याची क्षमता तिने गमावलेली नसते. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून दाखवून दिले की उरलेला भाग जेमतेम आठवड्या-दीड आठवड्यात मूळ वजनाला पोहोचतो. माणसात जिवंत दात्याचे यकृत काही महिन्यांत बरेचसे भरून येते. रोजच्या आयुष्यातही नूतनीकरण चालू असते. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचा आधार घेऊन २०२२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात यकृतपेशींचे सरासरी वय तीन वर्षांहून थोडे कमी भरले, आणि ते तरुणांत व वृद्धांत जवळपास सारखेच होते.

यकृताचा भाग काढल्यावर उरलेल्या निरोगी पेशींतही पहिले दोन-तीन दिवस मेदाचे थेंब साठतात. शरीराच्या साठ्यांतून तो मेद मागवला जातो, विभाजनाला लागणारी ऊर्जा आणि पटलांचा कच्चा माल त्यातून मिळतो, आणि काम झाले की तो नाहीसा होतो. तेव्हा पेशीत मेद दिसणे हाच बिघाड नव्हे. येतो तितका वापरला जाऊन निघून जात असेल, तर तो मेद विभाजनाला मदत करतो. ठाण मांडून बसला की तोच विभाजन अडवतो.

हे अडणे कसे होते? पेशीला दोन व्हायचे तर आधी डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. त्यासाठी न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे डीएनएच्या सुट्या घटकांचा, पुरेसा आणि समतोल साठा, ऊर्जा आणि बिनइजेचा डीएनए हवा. मेदाने भरलेल्या पेशीत ऑक्सिजनच्या उपपदार्थांनी डीएनएला ठिकठिकाणी इजा झालेली असते आणि न्यूक्लिओटाइडचा समतोलही ढळलेला असतो. नक्कल करणारी यंत्रणा मध्येच अडखळते. पेशीतले पहारेकरी रेणू, त्यांत पी५३ आणि पी२१ प्रमुख, हे हेरून चक्र थांबवतात. हा थांबा पेशीच्या हिताचाच असतो, कारण इजा झालेला डीएनए पुढच्या पिढीत जाऊ नये. पण थांबे वाढत गेले की दोन परिणाम दिसतात.

एक: पेशी डीएनएची नक्कल करते पण दोन होत नाही. मग एकाच केंद्रकात गुणसूत्रांचे चार, आठ संच जमतात. यकृतात अशा बहुगुणित पेशी निरोगी माणसातही असतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फॅटी लिव्हरमध्ये एकाच केंद्रकात जास्त संच असलेल्या पेशींचे प्रमाण वाढलेले दिसले आणि त्याचा धागा ऑक्सिजनच्या उपपदार्थांनी होणाऱ्या इजेशी जुळला. कार्बन-१४ च्या अभ्यासात असेही आढळले की दोन संचांच्या साध्या पेशी बहुगुणित पेशींपेक्षा सातपटीहून जास्त वेगाने नव्या होतात. म्हणजे बहुगुणित पेशी वाढल्या की नूतनीकरणाचा सगळा भार उरलेल्यांवर येतो.

दोन: काही पेशी कायमच्या थांबतात, जराजीर्ण होतात. त्या मरत नाहीत, विभागत नाहीत, पण आजूबाजूला सुजेचे संदेश सोडत राहतात. २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसले की अशा जीर्ण पेशींचे मायटोकॉन्ड्रिया मेद नीट जाळू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यात मेद आणखी साचतो. मेदामुळे पेशी थांबते आणि थांबलेली पेशी मेद साचवते. सगळ्या आजारात मला सर्वांत काळजीचे वाटते ते हे चक्र, कारण ते फिरत असताना माणसाला काहीही दुखत नाही.

यकृतपेशी विभागेनाशा झाल्या तरी नव्या पेशींची गरज संपत नाही. फुगून मरणाऱ्या पेशींचे संदेश शेजारच्या तारकापेशींपर्यंत जातात. एरवी या पेशी जीवनसत्त्व 'अ' साठवून शांत बसलेल्या असतात. संदेश मिळाल्यावर त्या स्वतः झपाट्याने विभागू लागतात आणि कोलॅजेनचे तंतू विणतात. यकृतपेशीचे विभाजन मंदावलेले आणि तारकापेशीचे जोरात, अशी उलटापालट झाली की फायब्रोसिस वाढू लागतो.

विभाजन आणि चयापचय किती एकमेकांत गुंतले आहेत, याचा आणखी एक पुरावा २०२१ मध्ये पुढे आला. दीर्घकाळ आजारी असलेल्या यकृतांतल्या पेशींचे डीएनए वाचल्यावर दिसले की इन्सुलिनचा हुकूम आणि मेदाची साठवण यांच्याशी संबंधित जनुकांत, एफओएक्सओ१, सीआयडीईबी आणि जीपीएएम यांत, उत्परिवर्तन झालेल्या पेशींचे समूह वाढले आहेत. मेदाच्या भाराखाली त्या तगतात आणि विभागत राहतात. तिथल्या परिस्थितीतून त्यांची निवड होत असते. यकृताचा कर्करोग फॅटी लिव्हरमध्ये कधीकधी सिऱ्होसिस नसतानाही होतो, हेही विसरून चालणार नाही.

पायरी ४: मेदाची कारणे शोधून काढा

एमएएसएलडी म्हणायचे तर यकृतातल्या मेदासोबत चयापचयाच्या बिघाडाची किमान एक खूण असावी लागते: वाढलेला बीएमआय (२५ किंवा जास्त, आशियाई वंशाच्या लोकांत २३) किंवा कमरेचा वाढलेला घेर, उपाशीपोटीची साखर १०० मिलिग्रॅम किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ५.७ टक्के वा अधिक, रक्तदाब १३०/८५ वा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० वा अधिक, एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० किंवा कमी. यांपैकी एखाद्या गोष्टीसाठी औषध चालू असेल तरी ती खूण धरली जाते. बारीक माणसालाही फॅटी लिव्हर होते. पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार यकृतातला मेद वाढवतो हे २००८ पासून माहीत आहे. घरात कुणाला सिऱ्होसिस झाला असेल तर डॉक्टरांना सांगा.

दारूचे प्रमाण खरे सांगा. आठवड्याला स्त्रियांत १४० आणि पुरुषांत २१० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलच्या वर गेले की आजाराचे वर्गीकरणच बदलते. या मर्यादा वर्गीकरणासाठी आहेत, त्यांच्या आत पिणे सुरक्षित असा त्यांचा अर्थ नाही. अल्कोहोलच्या विघटनात मेदाचे ज्वलन दबते आणि तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड थेट डीएनएला चिकटते. आधीच अडखळणाऱ्या पेशीवर हा दुहेरी घाव असतो. फायब्रोसिस सुरू झालेल्यांनी दारू पूर्ण सोडावी.

त्याशिवाय हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या आणि थायरॉइड एकदा पाहून घ्यावे. स्टेरॉइड, टॅमॉक्सिफेन, ॲमिओडॅरोन, मेथोट्रेक्सेट, व्हॅल्प्रोएट यांपैकी काही चालू असेल तर ते डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे, मात्र स्वतःहून बंद करू नये.

पायरी ५: व्रण आहेत का, हे घरीच मोजायला सुरुवात करा

फिब-४ हा आकडा तीन साध्या रक्ततपासण्या आणि वय यांवरून निघतो. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखेच दुसरे एन्झाइम) ही वरची संख्या. प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ ही खालची. वरच्या संख्येला खालचीने भागा.

समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट दोन लाख, म्हणजे २०० हजार. वर ५२ × ४८ = २४९६. एसजीपीटीचे वर्गमूळ ८, म्हणून खाली २०० × ८ = १६००. उत्तर १.५६.

१.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. पासष्टीनंतर ही खालची रेषा २.० धरतात. २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. मधले उत्तर, आपल्या उदाहरणासारखे, आले तर पुढची तपासणी हवी. पस्तिशीच्या आतल्या माणसात हा आकडा तितका विश्वासाचा नसतो. तापाच्या आजारात प्लेटलेट घसरलेल्या असताना, किंवा आदल्या एक-दोन दिवसांत अंग मोडेस्तोवर व्यायाम झाल्यावर दिलेल्या रक्तावरून तो काढू नका, कारण एसजीओटी स्नायूंतूनही येते.

पुढची तपासणी म्हणजे इलास्टोग्राफी, लोकांच्या तोंडी फायब्रोस्कॅन. बरगड्यांमधून सोडलेल्या कंपनाचा वेग पाहून यकृत किती कडक आहे ते किलोपास्कलमध्ये मोजतात. ८ च्या खाली दिलासा, ८ ते १२ मधली स्थिती, १२ च्या वर धोका मोठा. त्याआधी किमान तीन तास काही खाऊ नका, कारण जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढते आणि आकडा फुगतो. एसजीपीटी खूप चढलेले असताना किंवा हृदय कमजोर असतानाही आकडा खोटा वाढू शकतो. त्याच अहवालात सीएपी नावाचा आकडा असतो, तो मेदाचा. दोन्हींची गल्लत करू नका. यानंतरही शंका उरली तरच बायॉप्सीचा, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विचार होतो.

पायरी ६: येणारा मेद कमी करा

वजन उतरवणे हा सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार आहे. किती उतरवायचे यालाही आकडे आहेत: ५ टक्के उतरले की मेद कमी होतो, ७ टक्क्यांच्या पुढे सूज निवळू लागते आणि १० टक्क्यांपासून व्रणही मागे हटू शकतात. २०१५ मध्ये क्युबातून आलेल्या अभ्यासात २९३ रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन दिले होते. वजन १० टक्के किंवा त्याहून जास्त उतरलेल्यांपैकी ९० टक्के जणांची नॅशची खूण बायॉप्सीत नाहीशी झाली आणि ४५ टक्के जणांचा फायब्रोसिस घटला. पण इतके वजन उतरवता आलेले थोडेच होते, हेही त्याच अभ्यासात दिसते. म्हणून ८० किलोच्या माणसाने पहिला मुक्काम ४ किलोंवर ठेवावा आणि तिथे पोहोचल्यावर ८ किलोंकडे पाहावे. बारीक माणसाला तीन ते पाच टक्क्यांतही फायदा होतो.

यकृतातला मेद वजनाच्या आधी आणि वजनापेक्षा वेगाने उतरतो. २०११ मध्ये मधुमेहींवर देखरेखीखाली केलेल्या अगदी कमी उष्मांकाच्या प्रयोगात पहिल्या आठवड्यातच यकृतातला मेद सुमारे ३० टक्क्यांनी घटला होता. तितका कडक आहार स्वतःच्या मनाने करण्यासारखा नाही. पण काटा हलत नाही म्हणून दुसऱ्या आठवड्यात धीर सोडणाऱ्याला हे माहीत असावे. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरे, त्याहून फार घाई केली तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

काय कमी करायचे, याचा क्रम पायरी २ मधल्या जमाखर्चातून निघतो. साखर घातलेली पेये पहिल्याच दिवशी थांबवा. डब्यातला फळांचा रसही त्यातच धरा. मग मैदा आणि साखरेचे पदार्थ, मग सारखे मधेमधे खाणे, कारण दर वेळी वर जाणारे इन्सुलिन ज्वलनाचे दार पुन्हा बंद करते. रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या घासापर्यंत बारा तासांचे अंतर अनेकांना जमते. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ते करावे. प्रथिने कमी करू नका. पेशीला विभागायला अमिनो आम्ले लागतात आणि वजन उतरताना स्नायूही राखायचे असतात. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळतो. आवडत असेल तर प्या, नसेल तर त्यासाठी सवय लावून घ्यायची गरज नाही.

पायरी ७: स्नायूंना कामाला लावा

आठवड्याला दीडशे मिनिटे दम लागेल इतके चालणे, पोहणे किंवा सायकल, आणि दोन दिवस वजनाचे व्यायाम. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत घेतो, त्यामुळे यकृताकडे मेद बनवायला साखर कमी उरते. वजन तसूभर न घटताही व्यायामाने यकृतातला मेद उतरतो. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून, रबरी पट्ट्यांनी व्यायाम करा. झोपेत घोरणे आणि श्वास अडणे असेल तर त्याची तपासणी करून घ्या, कारण रात्री वारंवार घटणारा ऑक्सिजनही यकृताचे नुकसान करतो.

पायरी ८: औषधांबद्दल डोळे उघडे ठेवा

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने रेस्मेटिरॉम या औषधाला एफ२–एफ३ फायब्रोसिस असलेल्या मॅशसाठी मान्यता दिली. यकृतातल्या थायरॉइड संप्रेरकाच्या बीटा ग्राहकाला जागे करून ते मेदाचे ज्वलन वाढवते. ऑगस्ट २०२५ मध्ये याच टप्प्यांसाठी सेमाग्लुटाइडला मान्यता मिळाली. दोन्ही औषधे आहार-व्यायामाच्या जोडीने घ्यायची आहेत आणि फायब्रोसिस नसलेल्या साध्या फॅटी लिव्हरसाठी नाहीत. पायोग्लिटाझोन आणि व्हिटॅमिन ई निवडक रुग्णांत उपयोगी पडतात, दोन्हींचे दुष्परिणाम तोलून डॉक्टर ठरवतात. मेटफॉर्मिन मधुमेहासाठी उत्तम आहे, पण यकृतातली सूज किंवा व्रण त्याने सुधारत नाहीत. सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाबद्दलही तेच. वजन फार जास्त असेल तर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया हा गंभीरपणे विचार करण्यासारखा पर्याय आहे.

कोलेस्टेरॉलसाठी दिलेली स्टॅटिन "यकृताला त्रास होईल" या भीतीने बंद करू नका. फॅटी लिव्हरमध्ये ती सुरक्षित आहे, आणि या रुग्णांचा जीव सर्वाधिक वेळा हृदयविकारानेच जातो. 'डिटॉक्स' म्हणून विकले जाणारे घट्ट वनस्पती-अर्क मात्र टाळा. हिरव्या चहाच्या अर्कासारख्या निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टींनीही यकृताला तीव्र इजा झाल्याची नोंद आहे. अशा इजेत मेलेल्या प्रत्येक पेशीची जागा त्याच थकलेल्या पेशींना विभागून भरावी लागते.

कोणत्याही कारणाने यकृताची शस्त्रक्रिया ठरली, किंवा जवळच्या माणसाला यकृत द्यायचे ठरले, तर फॅटी लिव्हर असल्याचे आधीच सांगा. मेदाने भरलेले यकृत कापल्यावर सावकाश वाढते, म्हणून शल्यचिकित्सक अनेकदा आधी काही आठवडे वजन उतरवायला सांगतात.

पायरी ९: परत कधी तपासायचे

फिब-४ कमी आले आणि मधुमेह नाही, तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढा. मधुमेह असेल किंवा चयापचयाच्या दोन-तीन खुणा एकत्र असतील तर वर्ष-दोन वर्षांत. प्रत्येक वेळचा आकडा तारखेसह एका वहीत लिहा, एकट्या आकड्यापेक्षा त्याची दिशा जास्त सांगते. हिपॅटायटिस ए आणि बीची लस घेतली नसेल तर घ्या.

सिऱ्होसिस निघाला तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच, वजन कितीही छान उतरले असले तरी. कर्करोगाची गाठ लहान असताना सापडली तर उपचाराला वाव असतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी लागेल का, हे किलोपास्कल आणि प्लेटलेटच्या आकड्यांवरून डॉक्टर ठरवतील. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी होऊन ते फुगणे, पायांवर सूज येणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता भेट घ्या. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, किंवा वागण्यात अचानक आलेला गोंधळ आणि गुंगी दिसली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.